कराराच्या रस्त्याने : लातूर, येडशी, बीड, जालना

पहिला दिवस : येळवस, हरंगुळ आणि येडशी

येळवसेला, म्हणजे शेतात जाऊन जेवायच्या वेळ अमावास्येला, लातूर शहर रिकामं होतं. दुकानांची शटर खाली, रिक्षा गायब, सगळी माणसं शेतात. आम्ही मात्र सकाळी गाडी आधी हरंगुळकडे वळवली, कारण मामांना रेल्वे डब्यांचा कारखाना बघायचा होता. मामांनी उभी हयात सोलापूर-धुळे रस्त्यावर ट्रक चालवला, तोही रस्ता दुपदरी असताना. मी तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवते. सरकारी जागेवर खासगी पैशातून उभे राहणारे रस्ते, विमानतळ, गोदामं, आणि त्यामागचे करार हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. मराठवाड्यात अशा भागीदारीचे जवळजवळ सगळे प्रकार दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूत बघायला मिळतात. ते एकदा सावकाश, गाडी थांबवत बघायचे असं आमचं ठरलं होतं.

कारखाना फाटकाबाहेरूनच पाहिला, आत जायला परवानगी लागते. ३१ मार्च २०१८ ला इथे पायाभरणी झाली, डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. त्यानंतर बराच काळ लातूरकर एकच प्रश्न विचारत होते, काम कधी सुरू होणार? २०२३ मध्ये रेल्वे विकास निगम आणि रशियन कंपन्यांच्या संयुक्त कंपनीशी १२० स्लीपर वंदे भारत गाड्यांचा करार झाला. कारखाना रेल्वेचा, गाड्या बांधणार ही संयुक्त कंपनी, आणि बांधून झाल्यावर ३५ वर्षं देखभालही तिनेच करायची. देखभालीचं ऐकून मामा थांबले. "म्हणजे ज्यानं नट आवळला त्यालाच पुढं तो सांभाळायचाय?" मी हो म्हटलं. "मग नीट आवळंल," मामा म्हणाले. माझ्या वर्गात हे कलम समजावताना मी फळ्यावर दोन आकृत्या काढते.

विमानतळ तिथून लांब नाही. लातूर, नांदेड, धाराशिव, बारामती आणि यवतमाळ ही पाच विमानतळं २००९ मध्ये ९५ वर्षांच्या भाडेकराराने खासगी विकासकाकडे गेली. नांदेडला मधून मधून का होईना, विमानं उडाली. लातूरच्या धावपट्टीवर वर्षानुवर्षं नियमित प्रवासी विमान नाही. कुंपणाच्या तारेपलीकडे गवत वाळून पिवळं झालं होतं आणि टिटव्या ओरडत होत्या. ९५ वर्षं म्हणजे चार पिढ्या. एवढ्या मुदतीच्या करारात अमुक वर्षात विमान उडालं नाही तर जागा परत, अशी धारदार अट हवी आणि ती बजावायची तयारीही हवी. जिल्ह्याच्या ठिकाणाला विमानाची वाट बघायला लावणं मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

दुपारी मुरूडच्या पुढे ओळखीच्यांच्या शेतात जेवायला थांबलो. कडब्याची कोप, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव, घोंगडीवर बसलेली तीन घरची माणसं. भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर. भज्जीत तुरीचे आणि हरभऱ्याचे ओले दाणे, चिंच आणि भरपूर लसूण. आंबील मातीच्या मडक्यातून वाढलं, थंडगार. यंदा सप्टेंबरच्या पावसाने सोयाबीन गेलं, तरी ज्वारी बरी उभी होती. हुरड्याला अजून अवकाश होता. घरधनी पुन्हा पुन्हा वाढत होते आणि मामा माळकरी असल्याने त्यांच्यासाठी काही वेगळं करायची गरजच नव्हती. येळवसेचं सगळं ताट तसंच असतं.

(येळवसेच्या दिवशी लातूर-धाराशिव पट्ट्यातून जाणार असाल तर डबा नेऊ नका. रस्त्याकडेच्या कुठल्याही कोपीतून हाक येते आणि नाही म्हटलेलं चालत नाही. मात्र त्या दिवशी गॅरेज, पंक्चरवाले, हॉटेलं बहुतेक बंद, तेव्हा टायर आणि इंधन आदल्या दिवशीच बघून ठेवा.)

ढोकी, तडवळे करत येडशीला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. येडशी हे गाव मला फार मोलाचं वाटतं, आणि ते फक्त रामलिंगाच्या दरीसाठी नाही. शंभर वर्षांच्या अंतराने खासगी भांडवलाचे दोन मार्ग या गावातून गेलेत.

पहिला बार्शी लाइट रेल्वेचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने लंडनमध्ये कंपनी काढून अडीच फुटी रुळांची ही लाइन टाकली. १८९७ मध्ये कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत, मग निजामाच्या हद्दीत शिरून येडशी, तडवळे आणि १९११ मध्ये लातूर. लातूरच्या आडत बाजाराला बाहेरचं जग दाखवलं ते या लाइनने. १९५४ मध्ये भारत सरकारने ती विकत घेतली आणि २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर ब्रॉडगेज झालं. मामांनी लहानपणी त्या छोट्या गाडीतून पंढरपूरची वारी केलेली. "चढावर गाडी अशी हळू व्हायची की माणसं उतरून लघवीला जाऊन परत चढायची," ते सांगत होते.

दुसरा मार्ग म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग ५२. सोलापूर ते येडशी एक करार, २९ वर्षांचा. येडशी ते छत्रपती संभाजीनगर दुसरा, १८९ किलोमीटरचा आणि २६ वर्षांचा. दोन्ही 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' पद्धतीचे, म्हणजे बीओटी. टोलवर सगळा खर्च निघणार नाही हे आधीच दिसत होतं, म्हणून दुसऱ्या टप्प्याला सरकारने सुमारे ५५८ कोटींचं अनुदान दिलं. २०२० मध्ये हे दोन्ही रस्ते धरून नऊ बीओटी रस्त्यांत सिंगापूरच्या जीआयसी या सरकारी गुंतवणूक संस्थेच्या सहयोगी कंपन्यांनी ४९ टक्के हिस्सा घेतला. हे मी मामांना येडशीच्या टोलनाक्याजवळ उभं राहून सांगितलं. ते समोरच्या रांगेकडे बघत राहिले. टेम्पोत कांदा, एका गाडीत नवरा-नवरी, मागे तुळजापूरहून परतणारी भाविकांची जीप. "ह्या सगळ्यांचे पैसे तिकडं जातात?" थोडा भाग, मी म्हटलं, आणि तिकडचे पैसे आधी इकडे आलेत म्हणून हा रस्ता उभा आहे. परकं भांडवल आलं याचं मला वाईट वाटत नाही. त्या भांडवलाशी आपल्या बाजूने कोण आणि कसं बोललं, हे मी बघते.

नाक्यावरचा दरफलक प्रवाशांनी एकदा उतरून वाचावा. वाहनाचे प्रकार, एकेरी दर, २४ तासांत परतलात तर दीडपट, सूट असलेल्यांची यादी, आणि २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी गाड्यांसाठी मासिक पास. शेजारच्या चहावाल्याला हा पास माहीत नव्हता. त्याचा भाऊ गेली दोन वर्षं रोज धाराशिवला कारने पूर्ण टोल भरून जातोय. मामांनी त्याला फलकापाशी नेऊन ती ओळ बोटाने दाखवली.

मुक्काम धाराशिवला केला. रात्री थंडी चांगलीच होती.

दुसरा दिवस : धुकं, बोगदा आणि गोदावरी

पहाटे महामार्गावर धुकं इतकं की पुढच्या ट्रकचे दिवे पन्नास फुटांवर दिसत होते. मामांनी गाडी चालवायला घेतली. सरमकुंडी फाट्यावर थांबून पेढे घेतले. कुंथलगिरीच्या आसपासच्या खव्याचे, खरपूस आणि कमी गोड. तिथे गाडी थांबवायची तर फाट्याच्या सर्व्हिस रस्त्यावर घ्या, महामार्गाच्या कडेला लावू नका. धुक्यात मागून येणाऱ्याला दिसत नाही.

वाशी तालुक्यातून पुढे निघालो आणि एका गावाजवळ राँग साइडने उसाची ट्रॉली समोर आली. मामांनी सहज गाडी बाजूला घेतली. मला मात्र ते कारण बघायचं होतं, म्हणून थांबलो.

कारण दोन मिनिटांत दिसलं. महामार्गाखालून गावाच्या शिवारात जायला एक बोगदा आहे, पण तो बैलगाडी आणि मोटारसायकलच्या मापाचा. उसाची भरलेली ट्रॉली त्यात बसत नाही. मी आत जाऊन उभी राहिले. भिंतीवर उसाची पाती घासल्याच्या हिरव्या रेघा होत्या, आणि कमरेच्या उंचीवर पावसाळ्यात साचलेल्या पाण्याची तपकिरी खूण. शेळ्या घेऊन निघालेली एक आजी म्हणाली, "पावसाळ्यात हितून माणूस बी जात न्हाई. लेकरं साळंला वरून रस्ता वलांडत्यात." वरून म्हणजे चार पदरांवरून, दुभाजकावर चढून.

तिथल्या टपरीवर सरपंच भेटले. बोगदा मोठा करा म्हणून त्यांनी तीन वेळा निवेदनं दिली आहेत. उत्तर येतं, 'मागणी तपासण्यात येत आहे'. मी त्यांना जे सांगितलं ते इथेही लिहिते, कारण ते प्रत्येक महामार्गालगतच्या गावाच्या कामाचं आहे.

बीओटीच्या करारात 'शेड्यूल बी' नावाचं परिशिष्ट असतं. कुठे काय बांधायचं, किती उंचीचा अंडरपास, कुठून कुठपर्यंत सर्व्हिस रस्ता, ते सगळं साखळी क्रमांकासह, म्हणजे रस्त्यावरच्या नेमक्या अंतराच्या खुणेसह, त्यात असतं. 'शेड्यूल सी' मध्ये बसथांबे, ट्रक उभे करायच्या जागा, विश्रांतीच्या जागा, दिवे, झाडं. त्यात जे आहे ते न केल्यास कंपनीला दंड होतो. जे नाही, ते नंतर मागितलं की त्याला 'चेंज ऑफ स्कोप' म्हणतात. ते काम वाढीव ठरतं, त्याचा खर्च मुख्यतः प्राधिकरणाच्या अंगावर येतो, मग अंदाजपत्रक, मंजुऱ्या आणि वर्षांमागून वर्षं. निवेदनावर कंपनीचा माणूस खांदे उडवतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्या करारात ते काम नसतं. सरपंचांचं निवेदन टोलनाक्यावर जात होतं. ते राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकल्प संचालकांकडे जायला हवं, मापं, फोटो आणि ग्रामसभेच्या ठरावासह, 'चेंज ऑफ स्कोप' हा शब्द वापरून.

"आधी कुणी इचारलं न्हाई का गावाला?" मामांनी विचारलं. सरपंच म्हणाले, आराखडा झाला तेव्हा मोजणीवाले आले होते. सगळ्यांचं लक्ष मोबदल्याच्या दराकडे होतं, बोगद्याच्या उंचीकडे कुणी बघितलंच नाही. त्यांचा आवाज खाली आला. मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. इंग्रजीतलं शेकडो पानांचं दस्त गावापर्यंत मराठीत पोचवणं हे सरकारचं काम होतं, आणि ते झालं नाही. या भागीदारीत सरकार आणि कंपनी दोघांचे वकील असतात. बोगद्यातून जाणाऱ्या आजीचा कुणी नसतो.

मांजरसुंब्याचा घाट आता चौपदरी आणि रुंद. मामांच्या काळात इथे ट्रक बंद पडला की रात्र तिथेच. "ह्या वळणावर मी दोन रात्री काढल्यात," म्हणत त्यांनी एक जागा दाखवली जी आता डोंगरासकट कापली गेली आहे. रस्ता चांगला झाला हे ते मनापासून मान्य करतात, मीही करते. येडशीहून बीडला पूर्वी अर्धा दिवस जायचा. घाटाच्या वर पिठलं, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तव्यावरची भाकरी थेट ताटात पडत होती.

बीडला रेल्वे स्थानकावर मुद्दाम गेलो. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. काम रेंगाळलं आणि शेवटी निम्मा खर्च राज्याने उचलायचं ठरलं. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिदिनी, बीडहून पहिली गाडी सुटली. यात खासगी कंपनी नाही, दोन सरकारांमधली वाटणी आहे, आणि ती वाटणीही हप्त्याहप्त्याने पोचत राहिली तर किती वर्षं लागतात ते इथे दिसतं. फलाटावर एक आजोबा नातवाला गाडी दाखवायला घेऊन आले होते. गाडी यायला वेळ होता, तरी ते बसून होते. मामा त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि अर्धा तास उठले नाहीत.

पुढे पाडळसिंगीचा नाका, गेवराई, आणि शहागडला गोदावरी. पूल ओलांडताना नदी शांत होती. सप्टेंबरच्या पुराचा गाळ आणि अडकलेल्या चिंध्या काठच्या बाभळींवर अजून होत्या, माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर.

(टोलबद्दल थोडं : खासगी कार असेल तर वार्षिक फास्टॅग पास घ्या (२०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा तो ३,००० रुपयांचा होता). वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. एक नाका ओलांडला की एक फेरी. तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, समृद्धीवर चालत नाही. महामार्गावर गाडी बंद पडली, अपघात झाला तर १०३३ ला फोन करा. क्रेन आणि रुग्णवाहिका ठेवणं करारानेच बंधनकारक आहे, तेव्हा संकोच नको.)

तिसरा दिवस : शहर बस, जालना, समृद्धी

संभाजीनगरात सकाळी गाडी हॉटेलवर ठेवून स्मार्ट सिटीच्या बसने फिरलो. या शहरात आधी ठेकेदाराकडून शहर बस चालवून झाली होती आणि ती बंद पडली होती. जानेवारी २०१९ पासून वेगळी मांडणी झाली : बसेस स्मार्ट सिटी कंपनीच्या, चालक-वाहक सुरुवातीला एसटीचे. भाड्यातून शहर बस कुठेच पूर्ण चालत नाही. तोटा कोण सोसणार हे आधी ठरलं की बस रस्त्यावर राहते. आमच्या बसमधली वाहक मुलगी वृद्धांना हात धरून चढवत होती. तिला मामांनी सरमकुंडीचा पेढा दिला.

जालन्याला जायला दोन वाटा आहेत, जुना जालना रोड आणि समृद्धी. जाताना जुन्या रस्त्याने गेलो. हाही बीओटीवर चौपदरी झालेला, फक्त राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचा. राज्याच्या टोलचा इतिहास इथे आठवतोच. १ जून २०१५ पासून राज्याने १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर कार, जीप आणि एसटीला सूट दिली. लोकांना तो दिलासा होता, पण कंपन्यांचं बुडालेलं उत्पन्न सरकारी तिजोरीतून भरून द्यावं लागलं. टोल न भरणाऱ्या, मोटारसायकलवरच्या माणसाच्या करातूनही ते गेलं.

जालना स्थानकावरून जाताना मामांना आणखी एक जुनी गोष्ट सांगितली. मनमाड-सिकंदराबाद हा मार्ग १९०० च्या सुमारास आला. तो बांधणाऱ्या इंग्रजी कंपनीला निजाम सरकारने भांडवलावर व्याजाची हमी दिली होती. गाडी रिकामी धावली तरी भागधारकाला परतावा मिळणार. १९३० मध्ये निजामाने ती रेल्वे विकत घेतली. आजच्या आदर्श करारात वाहतूक अपेक्षेपेक्षा कमी भरली तर टोलची मुदत वाढते आणि जास्त भरली तर घटते. सव्वाशे वर्षांत जोखमीची वाटणी इतकी तरी सुधारली आहे.

ड्राय पोर्टचं, म्हणजे समुद्रापासून दूर कंटेनर भरून बंदराकडे पाठवायच्या केंद्राचं, आवार बाहेरून पाहिलं. डिसेंबर २०१५ मध्ये भूमिपूजन झालं, पुढे बंदर प्राधिकरण आणि महामार्गाची लॉजिस्टिक कंपनी मिळून खासगी सहभागातून मालवाहतूक केंद्र उभं करायचं ठरलं. जालन्याचं लोखंड आणि बियाणं इथूनच कंटेनरमध्ये भरून थेट मुंबईजवळच्या जेएनपीए बंदराला जावं, हा हेतू. तिथे भेटलेल्या एका ट्रकमालकाने मामांना लगेच ओळखलं, चेहऱ्याने नाही, बोलण्याच्या ढंगाने. दोघांनी चहा घेतला आणि डिझेलच्या भावावर बोलत बसले.

मग निधोन्याजवळून समृद्धीवर चढलो, थोडं अंतर गेलो आणि परतलो. नागपूर ते मुंबईजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये पूर्ण. हा बीओटी नाही. एमएसआरडीसीने, म्हणजे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाने, कर्ज आणि सरकारी महामंडळांचा पैसा उभा करून बांधला, टोल तेच घेतात. रस्ता देखणा आहे. पण सुरुवातीची वर्षं इथे स्वच्छतागृह आणि चहाची सोय नव्हती, कारण रस्ता एका निविदेत आणि प्रवाशांच्या सोयी दुसऱ्या. (टायरमधली हवा, पाणी, इंधन जालन्यातच बघा. सलग वेगात टायर तापतात.)

परतीच्या वाटेवर जालना तालुक्यातल्या एका गावात थांबलो, मामांच्या व्याह्यांकडे. त्यांच्या शेताजवळून जालना-नांदेड द्रुतगती मार्ग जाणार आहे. बांधावर हद्दीचे दगड रोवलेत, लाल रंगाने क्रमांक टाकलेले. अंगणात बाजेवर आठ-दहा जण जमले आणि चर्चा मोबदल्याच्या दरावर सुरू झाली. ती व्हायलाच हवी. पण मामांनी मध्येच हात वर केला आणि वाशी तालुक्यातला बोगदा, त्यातली पाण्याची खूण, शेळ्यावाली आजी असं सगळं सांगितलं. मग म्हणाले, "दर नंतर बी वाढवून मिळंल. उंची न्हाई मिळायची."

तिथेच वहीच्या पानावर मागण्या लिहिल्या. अंडरपास हार्वेस्टर आणि भरलेली ट्रॉली जाईल एवढा, उंची-रुंदी मीटरमध्ये. दोन्ही बाजूंना गावापर्यंत सलग सर्व्हिस रस्ता. रस्त्याचं पावसाचं पाणी शेतात न सोडता नाल्यापर्यंत नेणारी गटार. आणि गावाच्या हद्दीचा मंजूर नकाशा मराठीतून ग्रामपंचायतीच्या फलकावर. एका मुलाने गट क्रमांक घातले, दुसऱ्याने सध्याच्या गाडीवाटेचे फोटो काढले. व्याह्यांच्या सूनबाईंनी विचारलं, शाळेची मुलं जातील तिथे दिवा पण मागायचा का? तोही घातला.

अंबडमार्गे रात्री उशिरा लातूरला पोचलो. त्या पानाचा ग्रामसभेत ठराव झाला असून, उपविभागीय अधिकारी कार्यालयाचा आवक शिक्का मारलेली प्रत परवा मामांच्या व्हॉट्सॲपवर आली. एमएसआरडीसीला दुसरी प्रत रजिस्टर पोस्टाने गेली आहे.